धीर कुणी धरायचा?

जानेवारी 2023 मध्ये रायपूरच्या गुढियारीचे नाव मराठी वर्तमानपत्रांतही झळकले. नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना जाहीर आव्हान दिले होते. त्यानंतर शास्त्रींची रामकथा आणि 'दिव्य दरबार' भरला तो गुढियारीच्या मैदानावर. माणसाने तोंड उघडण्याआधीच त्याचा प्रश्न आणि उत्तर कागदावर तयार, अशी त्या दरबाराची ख्याती. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. पण त्या गर्दीला 'भोळी माणसे' म्हणून हसणारे काही पाळकबंधू आम्हाला भेटले, आणि त्यांना विचारावेसे वाटले की आपल्या चंगाई सभांची हँडबिले निराळे काय सांगतात? तिथे चिठ्ठी, इथे साक्ष. उत्तर आत्ताच्या आत्ता हवे, ही भूक दोन्हीकडे सारखीच. आपल्या शास्त्राने त्या भुकेला जागोजागी आवर घातला आहे आणि आपण तो सोयीने विसरतो.

मंडळीच्या पहिल्या तीन शतकांतले लिखाण चाळले तर सुवार्ताकार्य कसे करावे यावर स्वतंत्र ग्रंथ सापडत नाही. धीरावर मात्र सापडतात. ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने इसवी सन 200च्या सुमारास एक लिहिला. त्याच्या आरंभीच तो मोकळेपणाने सांगतो की हा गुण माझ्या अंगी नाही. (त्याचे इतर लेखन वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.) कार्थेजचा बिशप सिप्रियन याने 256 मध्ये दुसरा लिहिला, तोही मंडळीत बाप्तिस्म्यावरून भांडण पेटलेले असताना. अ‍ॅलन क्रायडर या मेनोनाइट इतिहासकाराने 2016 मधल्या आपल्या पुस्तकात हाच धागा धरला. छळाच्या काळातही मंडळी वाढत गेली त्यामागे घाईची मोहीम नव्हती, लोकांना दिसेल असे संथ जगणे होते, असे त्याचे म्हणणे. 'प्रेषितीय परंपरा' या जुन्या नियमग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी 3 वर्षे शिक्षण सांगितले आहे. त्यानंतरच्या परीक्षेत पाठांतर विचारत नसत. विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, याची चौकशी होई. आज आपल्याकडे किती मंडळ्यांत 3 महिने तरी शिकवतात?

छत्तीसगडच्या मातीला घाईचा अनुभव जुना आहे. मिशनरी ऑस्कर लोर 1868 मध्ये रायपुरात आले तेव्हा सतनामी समाज समूहाने ख्रिस्ताकडे वळेल अशी त्यांची मोठी आशा होती. सुरुवातीचे स्वागतही तसेच झाले. मग गोष्टी फिसकटल्या. त्यांच्या विश्रामपूर ठाण्याची मंडळी वाढली ती पुढे, हळूहळू, नात्यागोत्यांतून. 1897 आणि 1900च्या दुष्काळांनी आकडे एकदम फुगवले. त्या आकड्यांवर तेव्हाचे मिशनरी अहवाल खूश होते, आणि त्याच आकड्यांवर विरोधक आजही बोट ठेवतात.

याच मुलखाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, ती आपणा मराठी लोकांच्या घरची. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गुढियारीला लागून जाणारा लोहमार्ग तोच. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नवा करार हाती दिला, 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' अशा अर्थाचे काही बोलला आणि वाट वेगळी झाली. पाठपुरावा नाही, नोंदवही नाही, फोटो तर नाहीच. टिळक वाचत राहिले, डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले, मनाशी झगडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आजच्या सुवार्तिकाला त्या सहप्रवाशाचे काम अहवालात कोणत्या रकान्यात भरावे हेसुद्धा सुचणार नाही.

पण टिळकांना धीराचा नमुना म्हणून उभे करण्यात अर्थ नाही. मनात येईल ते तत्काळ करणारा, तापट माणूस. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. धीर होता तो लक्ष्मीबाईंच्या ठायी. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नगरला त्याच्याजवळ आल्यावरही आपले सोवळे त्यांनी एकदम सोडले नाही. स्वतःच्या विचाराने एकेक पायरी उतरत त्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचल्या, तो 1900 मध्ये. टिळकांनी 1909 मध्ये हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर थांबले. मोजकेच अध्याय झाले होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि पुस्तक 1938 मध्ये बाहेर आले तेव्हा त्या जाऊन दोन वर्षे झाली होती.

इथे एक धोका आहे. लक्ष्मीबाईंचे उदाहरण देऊन मार खाणाऱ्या बाईला 'धीर धर, प्रार्थना कर' म्हणत पुन्हा त्याच घरी पाठवणारे पाळक आपल्यात आहेत. त्यांनी 'स्मृतिचित्रे' नीट वाचलेले नाही. लक्ष्मीबाई गप्प बसल्या नव्हत्या. नवऱ्याचा राग, विक्षिप्तपणा, घरातली ओढाताण, सगळे त्यांनी हसत हसत, नाव घेऊन छापून ठेवले. पुण्यशील मौनाशी त्यांच्या धीराचा काहीही संबंध नव्हता.

आमचे गाऱ्हाणे हेच आहे. जिथे थांबायला हवे तिथे, म्हणजे माणसाच्या शंकेपाशी, त्याच्या संथ चालीपाशी, आपण घाई करतो. आणि जिथे कुणालाही क्षणभर थांबायला सांगू नये तिथे आपण धीराची वचने वाटत बसतो. दुखणे दुसऱ्याचे असले की पाळकाला धीर फार स्वस्त पडतो.

ईयोबाचेच पाहा. 'ईयोबासारखी सहनशीलता' हे आपल्या प्रवचनांतले ठरलेले वाक्य. 42 अध्यायांपैकी पहिले दोन सोडले तर हा मनुष्य शेवटाजवळ येईपर्यंत देवाशी वाद घालतो, जन्मदिवसाला शाप देतो, न्याय मागतो. सांत्वनाला आलेले मित्र 7 दिवस मुकाट जमिनीवर बसले, तेवढेच त्यांचे काम चांगले झाले. तोंड उघडले आणि बिघडले. शेवटी देव सांगतो की खरे बोलला तो ईयोब, आणि उपदेशक मित्रांना यज्ञ करून क्षमा मागावी लागते. पाळकसभेत या शेवटच्या अध्यायावर चर्चा झालेली आम्ही कधी ऐकली नाही.

प्रेषित पौल कैसरियाच्या कैदेत 2 वर्षे होता. त्याने ती सोसली आणि मग कैसराकडे दाद मागितली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. तसेच एक उदाहरण आपल्याकडचे. बस्तरमधल्या छिंदवाडा गावचे एक पाळक 7 जानेवारी 2025 रोजी वारले. गावात दफन करू दिले नाही, तेव्हा त्यांच्या मुलाने आधी उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय गाठले. 20 दिवस वडिलांचा देह शवागारात होता. 27 जानेवारीला खंडपीठाचे दोन न्यायाधीश एकमेकांशी सहमत झाले नाहीत. एकीने कुटुंबाच्या खाजगी जमिनीत दफनाला मुभा दिली, दुसऱ्यांनी नाकारली. अखेर देह आणखी ताटकळू नये म्हणून 20 ते 25 किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश निघाला. निकाल मनाजोगता नव्हता. त्या मुलाने हात उगारला नाही आणि मागणीही सोडली नाही. त्याला 'सोसून घे' सांगणाऱ्याने आधी ते 20 दिवस त्याच्याबरोबर शवागाराच्या दारात काढायला हवे होते.

गुढियारीसारख्या ठोक बाजाराच्या वस्तीत सेवा करणाऱ्या आमच्या वाचकांसमोर रविवारी हमाल बसतात, दुकानातली पोरे बसतात, घरकाम करणाऱ्या बाया बसतात. त्यांना आपण याकोबाच्या पत्रातला शेतकरी दाखवतो, पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट पाहणारा. तो मजकूर पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनात आहे. त्याच अध्यायात त्याच्या आधी, चौथ्या वचनात, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. याकोबाने आधी मालकाला झापले, मग मजुराला धीर दिला. मालक मंडळीत पुढच्या बाकावर बसतो म्हणून आपण पहिली सहा वचने गाळतो.

तेव्हा वाचक पाळकांना आणि सुवार्तिकांना दोन विनंत्या. यंदाच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांच्या आकड्याशेजारी प्रत्येकाला किती महिने शिकवले तेही लिहा. आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायावर प्रवचन कराल तेव्हा शास्त्रपाठ पहिल्या वचनापासून वाचा.