यंत्रमानव आणि स्वमग्न मूल : सोबत किती, आधार किती?

स्वमग्न मुलांच्या उपचारांत यंत्रमानवाचा वापर हा आता केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ पासून ‘कास्पर’ हा लहान मुलाएवढा यंत्रमानव विकसित होत गेला. त्याचा चेहरा हेतुपुरस्सर साधा ठेवण्यात आला आहे. माणसाची मुद्रा क्षणोक्षणी बदलते, आवाज चढतो-उतरतो. अनेक स्वमग्न मुलांना त्याचा अर्थ लावणे जड जाते. यंत्रमानव मात्र तीच कृती त्याच रीतीने, न कंटाळता व न रागावता पुनःपुन्हा करतो. त्यामुळे काही मुले त्याच्यापाशी लवकर मोकळी होतात.

परंतु यंत्राशी मोकळे झालेले मूल माणसांकडे वळते काय, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ६ ते १२ वर्षे वयाच्या १२ मुलांच्या घरी महिनाभर यंत्रमानव ठेवण्यात आला. रोज अर्धा तास मूल, पालक आणि यंत्रमानव एकत्र खेळत. नजरेला नजर कशी द्यावी, दुसऱ्याच्या नजरेमागे आपले लक्ष कसे न्यावे, हे यंत्रमानव स्वतः करून दाखवीत असे. महिनाअखेरीस, यंत्र समोर नसतानाही, मोठ्यांसोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याची मुलांची क्षमता वाढलेली आढळली. मुले अवघी १२ होती, म्हणून निष्कर्ष जपूनच स्वीकारला पाहिजे. शिवाय यंत्र घरातून गेल्यानंतर ही प्रगती काहीशी ओसरली.

याच अभ्यासात वापरलेल्या ‘जिबो’ची पुढील कहाणी बोलकी आहे. त्याची निर्माती कंपनी बंद पडली आणि २०१९ मध्ये घरोघरच्या जिबोंनी आपल्या कुटुंबांचा निरोप घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये मुलांसाठीच्या ‘मॉक्सी’ या यंत्रमानवाच्या कंपनीनेही व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सोबती मुका होणार, हे मुलांना कसे सांगावे, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहिला. ज्या मुलाला नित्यक्रमातील लहानसा बदलही असह्य होतो, त्याच्यासाठी हा आघात लहान नव्हे.

म्हणून पालकांनी यंत्रमानवाचे मोल एकाच कसोटीवर ठरवावे : त्याच्यामुळे मूल आई-वडिलांच्या, भावंडांच्या, शिक्षकांच्या अधिक जवळ येते काय? येत असेल, तर ते उपयुक्त साधन होय. येलच्या प्रयोगातही पालक रोज मुलाशेजारी बसले होते, हे विसरता कामा नये.