शंभर टक्क्यांचा मोह

आमच्या एका तरुण स्नेह्याने परवा आपल्या आज्ञावलीचा अहवाल आम्हांस अभिमानाने दाखविला. १०० टक्के ओळी चाचण्यांखालून गेलेल्या! काही ओळी मोजणीतूनच वगळल्या आहेत, हे मात्र त्याने मागाहून सांगितले.

वगळणे हे मुळात पाप नव्हे. यंत्राने आपोआप लिहिलेला भाग, किंवा केवळ छपाईयंत्राशी बोलणारी ओळ, हिची सुटी चाचणी घेणे व्यर्थ वा दुर्घट असते. म्हणून तर पायथॉनच्या मोजणी-साधनात ‘प्रॅग्मा: नो कव्हर’ ही टीप आहे. डॉटनेटमध्ये अशी खूण २०१० साली आली. २०२० पासून तिच्याजवळ कारण नोंदविण्याचीही सोय झाली. ही दुसरी सोयच आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आम्ही स्नेह्यास प्रत्येक वगळणुकीचे कारण लिहावयास सांगितले. बिल छापणाऱ्या भागापाशी त्याची लेखणी अडली. तेथे सवलतीचा हिशेबही दडला होता. तो वेगळा काढून तपासताच पहिल्याच चाचणीत चूक सापडली. ज्यांना कारण देता येईना, त्या ओळी मोजणीत परत आल्या.

अहवाल आता ९४ टक्के सांगतो. वाचकहो, आम्ही त्याचे अभिनंदन आता केले.