पुडीतल्या जिवाणूचं नाव विचारा

बाळाला जुलाब लागले की वस्तीतल्या मेडिकलमधून प्रोबायोटिकची महागडी पुडी येते. दवाखान्यात नोकरी करताना मीही कधी विचारलं नाही, की या पुडीत नेमकं आहे काय? आज विचारते आहे. भगिनींनो, तुम्हीही विचारा.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यास फायदा करणारे जिवंत जिवाणू. पण ज्वारीत जसे वाण, तसे जिवाणूंच्या एकाच जातीतही वाण असतात. एकाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. म्हणून शास्त्रज्ञ आधी जनुकं तपासून वाण ओळखतात. तो पोटातल्या आम्लात आणि पित्तात तगतो का, अँटिबायोटिकला न जुमानण्याचा गुण इतर जंतूंना देणार नाही ना, हे पाहतात. शेवटी माणसांवर चाचणी.

ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर अशी चाचणी झाली. २०१७ साली निकाल आला. साधी पुडी दिलेल्यांपैकी ९ टक्के बाळांना सेप्सिस झाला किंवा ती दगावली; निवडलेला वाण दिलेल्यांत हे प्रमाण ५.४ टक्के होतं. हा गुण त्या वाणाचा, प्रत्येक पुडीचा नव्हे.

आयसीएमआरच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाकिटावर वाणाचं नाव आणि जिवंत जिवाणूंची संख्या हवी. नसेल तर पैसे मोजू नका. जुलाबात आधी ओआरएस आणि झिंक. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊच नका.

गरिबाच्या पैशाला हिशेब मागायचा हक्क आहे.