वाळवंटातील परीक्षा

वाचकहो, सुरतेहून हजिऱ्याच्या वाटेने आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तापीच्या मुखाजवळील त्या कारखान्यांच्या दाटीत रस्त्यावाचून धावणारी लष्करी वाहनेही घडविली जातात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

अशा वाहनाचा आद्य नमुना मायभूमीत उत्तीर्ण झाला, तरी परमुलखात त्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागते. अमेरिकेतील बँटम कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत जीपचा पूर्वज सिद्ध करून २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड तळावर परीक्षेसाठी हजर केला. त्याचीच पुढील भावंडे ब्रिटन व रशियापर्यंत पोहोचली.

आपल्याकडील कथा दक्षिण कोरियाच्या ‘के-९’ची. बोफोर्सचा करार १९८६ चा. त्यातून उठलेल्या वादळानंतर सुमारे तीस वर्षे आपल्या तोफखान्याला परदेशी बनावटीची नवी मोठी तोफ लाभली नाही. राजकारण्यांच्या वादाची किंमत सीमेवरील गोलंदाजाने मोजावी, हे मला तरी कधीच न्याय्य वाटले नाही. असो. १९९९ पासून कोरियन सैन्यात असलेली ही तोफ थरच्या वाळवंटात परीक्षेला उतरली. प्रतिस्पर्धी होती रणगाड्याच्या सांगाड्यावर बसविलेली रशियन तोफ. कोरियातील डोंगर आणि हिमथंडी कोठे, आणि राजस्थानची भाजणारी वाळू कोठे! वाळूचे कण गाळण्यांत शिरतात, उष्म्याने इंजिन शिणते. पोलादी पट्ट्यांवरून पन्नासएक टनांचा देह हलवावयाचा, गोळा डागावयाचा आणि शत्रूचे प्रत्युत्तर येण्याआधी जागा सोडावयाची, हे सारे त्याच तापात. कोरियन तोफ सरस ठरली. वाळवंटाला साजेसे फेरफार करून ती ‘वज्र’ झाली.

मे २०१७ मध्ये शंभर तोफांचा करार झाला. पहिल्या दहांचे भाग कोरियातून आले, उरलेल्या नव्वद येथे घडल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या देवळालीस ‘वज्र’ लष्करात दाखल झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभराव्या तोफेला हजिऱ्यात निरोप दिला तो सरसेनापती मनोज नरवणे यांनी. मराठी मनाला हा योग सुखावणारा खराच. त्याच वर्षी वाळवंटासाठी निवडलेली ही तोफ लडाखच्या थंडीतही गेली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभरांचा, ७,६२९ कोटी रुपयांचा करार झाला.

त्याच हजिऱ्यात जुलै २०२४ मध्ये ‘जोरावर’ या पंचवीस टनी हलक्या रणगाड्याचा नमुना पुढे आला. हा मात्र आपल्याच संरक्षण संशोधकांच्या आराखड्याचा. सप्टेंबरात त्याने वाळवंट पाहिले. ज्या डोग्रा सेनानी जोरावरसिंहाचे नाव त्याला दिले, तो डिसेंबर १८४१ मध्ये तिबेटच्या हिवाळी मोहिमेत पडला होता; डिसेंबर २०२४ मध्ये या रणगाड्याने ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर, विरळ हवेत, आपले गोळे डागले.