गाव सुटले की 'कर' लागतो

आडनावाच्या शेवटी 'कर' दिसला की आपण त्या माणसाला त्याच्या गावी पोहोचवून मोकळे होतो. पण वाचकहो, हा 'कर' बहुधा लागतो तो गाव सुटल्यावर! मुळशी तालुक्यातल्या आमच्या नांदे गावात कोणी स्वतःला नांदेकर म्हणवून काय साधणार? तिथे सगळेच नांद्याचे. तोच माणूस मुंबईस बिऱ्हाड करून राहिला, की नांदेकर शोभू लागतो.

याचा सर्वांत लांबचा दाखला म्हणजे बेने इस्राएल लोक. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पुढे ते मुंबई-पुण्यास आले, ते गावे बरोबर घेऊनच : रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ साली छापला गेला, तो थेट तेल अवीवला! १९४८ नंतर तर बहुतेक समाजच इस्राएलला गेला.

मी वर्गात प्रत्यय शिकवतो. पण याच्याइतका चिवट प्रत्यय दुसरा पाहिला नाही. ज्या नातवाने किहीम पाहिले नाही, ज्याला मराठी येत नाही, तोही स्वतःचे नाव सांगताना कोकणातल्या एका गावाचे नाव घेतो. फक्त ते गाव आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. आपल्या नातवंडांना आपण ते सांगितले आहे ना?