सर्व्हर डाऊन, की ॲपच घाईत?

सप्टेंबर लागला की आमच्या वाशिम जिल्ह्यात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पीक पाहणी झाली काय?’ २०२५ च्या खरिपात शेतकऱ्यांना ई-पीक पाहणीसाठी आधी १४ सप्टेंबरपर्यंत मुदत होती. ती वाढवावी लागली. त्या दिवसांत सगळीकडून तक्रार एकच येत होती : सर्व्हर डाऊन.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची असते. म्हणजे खरं तर घरातल्या आपल्यासारख्या पोरापोरींनी करायची! नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही. मग २०२५ च्या खरिपासाठी ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झालेलं सोयाबीन केंद्रावर नेलं, तरी गाडी तिथेच अडायची.

शेवटच्या दिवशी सगळे एकदम तुटून पडले की सर्व्हर दमतो, हे खरंच आहे. पण ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली आपण फार काही झाकून टाकतो. फोन आणि सर्व्हर यांच्यात निरोप नेणारा एक भाग ॲपच्या आत असतो. त्याला म्हणतात एचटीटीपी क्लायंट लायब्ररी. अँड्रॉइडवर यातली सगळ्यात ओळखीची म्हणजे ‘ओकेएचटीटीपी’. स्क्वेअर या कंपनीने ती बनवली, कोड सगळ्यांना खुला आहे आणि असंख्य ॲप्स ती वापरतात. खाली दिलेले आकडे तिचेच आहेत. ॲप बनवणारा ते बदलू शकतो, पण बरेच जण हात लावत नाहीत.

आधी कनेक्शनचं बघू. सर्व्हरशी नवं सुरक्षित कनेक्शन जोडायचं तर फोटोचा एक तुकडाही निघायच्या आधी दोन-तीन वेळा ‘हॅलो, ऐकू येतंय का’ करावं लागतं. शहरात हे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. वावरात, सिग्नलची एकच कांडी असताना, प्रत्येक फेरी रेंगाळते. म्हणून लायब्ररी जुनं कनेक्शन लगेच तोडत नाही. रिकामी झालेली ५ कनेक्शन्स ती ५ मिनिटांपर्यंत उघडी ठेवते आणि पुढच्या कामाला तीच वापरते. पण तुम्ही घरच्या वायफायवरून निघून धुऱ्यावर पोचलात, की ती जुनी कनेक्शन्स मेलेली असतात. पुन्हा पहिल्यापासून हॅलो-हॅलो.

आता खरी गंमत. सर्व्हरकडून १० सेकंद काहीच हालचाल दिसली नाही, तर ही लायब्ररी वाट बघणं सोडते. समजा तुमचा फोटो आणि माहिती पूर्ण पोचली. सर्व्हरवर गर्दी आहे, त्याने नोंद करून घेतली, पण उत्तर द्यायला १५ सेकंद लावले. तोपर्यंत फोनवर एरर आलेला! नोंद झालेली आहे आणि तुम्हाला दिसतंय की झाली नाही. तुम्ही पुन्हा बटण दाबता. शेजारचा काकाही दाबतो. दमलेल्या सर्व्हरवर आता दुप्पट ओझं.

अशा वेळी लायब्ररी आपणहून पुन्हा पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. माल पोचला की नाही हे माहीत नसताना दुसरी गाडी कशी सोडणार? याचा इलाज ॲपवाल्याच्या हातात असतो. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हरने म्हणायचं, ‘ही मिळाली आहे’. मग दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच.

कॅशेबद्दल फार गैरसमज आहे. लायब्ररीचा कॅशे म्हणजे सर्व्हरकडून आलेल्या गोष्टींची प्रत : गावांची यादी, पिकांची नावं. तोही ॲपवाल्याने चालू केला तरच. तुम्ही पाठवायला ठेवलेली माहिती त्यात नसते. ई-पीक पाहणीत रेंज नसताना नोंद फोनमध्ये ठेवून नंतर अपलोड करता येते. अशी नोंद ॲपच्या ‘डेटा’त राहते. म्हणून ॲप अडकलं की सेटिंगमध्ये जाऊन ‘कॅशे साफ करा’ दाबा, पण ‘डेटा साफ करा’ला अपलोड होईपर्यंत हात लावू नका. मी एकदा एका फॉर्मच्या बाबतीत हा शहाणपणा केला होता. सगळा फॉर्म गेला, बाबांना पुन्हा वावरात न्यावं लागलं आणि रस्ताभर ते एक शब्द बोलले नाहीत.

सुरक्षेचं थोडक्यात. सर्व्हरचं प्रमाणपत्र जुळलं नाही तर लायब्ररी कनेक्शनच नाकारते. फोनची तारीख चुकलेली असली तरी हेच होतं, तेव्हा आधी ती तपासा. मात्र हे कुलूप फक्त रस्त्याचं आहे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’च्या नावाने आलेली एपीके फाइल टाकलीत, तर चोर घरातच बसलेला असतो. त्याला रस्त्यावरच्या कुलपाशी काय देणंघेणं? ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

माझा राग आहे तो टेस्टिंगवर. ओकेएचटीटीपीसोबत ‘मॉकवेबसर्व्हर’ नावाचा खोटा सर्व्हर फुकट मिळतो. त्याला सांगता येतं : उत्तर मुद्दाम उशिरा दे, थेंब थेंब दे, अर्ध्यात कनेक्शन तोड. म्हणजे मालेगाव-रिसोडच्या शिवारातलं नेटवर्क पुण्यातल्या टेबलावर तयार करता येतं, चार-पाच ओळींत. फोटो वावरात उभं राहूनच काढायचा असा नियम ज्या ॲपला आहे, त्याची परीक्षा वावरासारख्याच नेटवर्कवर व्हायला नको का? ‘काहीतरी चुकलं’ अशी मोघम पाटी दाखवण्यापेक्षा ‘नोंद फोनमध्ये सुरक्षित आहे, रेंज आली की जाईल’ एवढं एक वाक्य स्क्रीनवर आलं, तर धुऱ्यावर फोन उंच धरून ‘गेला काय रे फोटो?’ विचारणाऱ्या माणसाला तेवढ्यावर घरी जाता येईल.