बुडालेल्या दिवसाची मजुरी

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या राजाने बिली बॉस्टन या नव्वदी गाठलेल्या माजी खेळाडूस 'सर' हा किताब दिला. रग्बी लीग या खेळातील खेळाडूला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होय. हा खेळ १८९५ साली जन्मला. म्हणजे त्यातील एका खेळाडूपर्यंत पोहोचावयास दरबाराला एकशे तीस वर्षे लागली. क्रिकेटपटू जॅक हॉब्ज आणि घोड्यांच्या शर्यतीतील जॉकी गॉर्डन रिचर्ड्स यांना हा किताब १९५३ सालीच मिळाला होता. राजसत्तेच्या किताबांचे समाजवाद्यांना अप्रूप असण्याचे कारण नाही. परंतु किताब कोणाला मिळत नाही, हे पाहिले की समाजातील उतरंडीची कल्पना येते. त्या दृष्टीने बॉस्टन यांचे आयुष्य आणि त्यांचा खेळ यांचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

रग्बीचा उगम इंग्लंडमधील धनिकांच्या शाळांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांतील गिरणी कामगार, खाण कामगार व गोदी कामगार यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो आपलासा केला. येथेच पेच निर्माण झाला. सामने शनिवारी होत आणि शनिवारी निदान दुपारपर्यंत काम असे. परगावी सामना असला की कामगार खेळाडूचा खाडा होई व तेवढी मजुरी बुडे. जमीनदाराच्या किंवा कारखानदाराच्या मुलाला ही अडचण नव्हती. त्याचे उत्पन्न खंडातून आणि नफ्यातून येई. तो मैदानावर असतानाही ते चालूच राही.

उत्तरेकडील क्लबांनी मागितले ते एवढेच, की खेळाडूची खेळापायी बुडालेली मजुरी त्याला भरून देण्याची मुभा असावी. १८९३ साली रग्बी फुटबॉल युनियनच्या सर्वसाधारण सभेत हा प्रस्ताव आला आणि १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. पैशाने खेळ भ्रष्ट होतो, खेळ हौसेखातर खेळला पाहिजे, असे कारण देण्यात आले. हे तत्त्व वरकरणी उदात्त वाटते. परंतु एकच नियम दोन वर्गांना लावला असता त्याचा परिणाम एकच होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ज्याला मजुरीवर जगावे लागत नाही त्याला 'हौशी' राहण्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला दर शनिवारी त्या शुद्धतेची किंमत स्वतःच्या खिशातून चुकवावी लागते.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांच्या प्रतिनिधींनी बैठक घेतली आणि 'नॉर्दर्न युनियन' ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. बुडालेल्या दिवसापोटी जास्तीत जास्त सहा शिलिंग देण्याचे ठरले. १८९८ साली खेळाडूंना उघडपणे मोबदला देण्यास मान्यता मिळाली; मात्र खेळाडूला दुसरा नियमित रोजगार असलाच पाहिजे, अशी अटही घालण्यात आली. पुढे १९०६ मध्ये संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणली गेली आणि खेळ अधिक वेगवान झाला. यालाच रग्बी लीग म्हणतात. जुन्या युनियनने मात्र याचा सूड घेतल्याप्रमाणे नियम केला: जो लीगकडे गेला, त्याला युनियनचे दरवाजे जन्मभर बंद.

या पार्श्वभूमीवर बॉस्टन यांच्या कारकिर्दीकडे पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म १९३४ साली वेल्समधील कार्डिफ बंदरालगतच्या 'टायगर बे' या वस्तीत झाला. वडील सिएरा लिओनहून आलेले खलाशी, आई आयरिश वंशाची, आणि घरात अकरा भावंडे. साम्राज्याच्या जहाजांवर राबणारे अनेक देशांचे खलाशी या वस्तीत राहत. १९१९ साली याच शहरात कृष्णवर्णीयांवर हल्ले करणारी वांशिक दंगल झाली होती. दक्षिण वेल्समध्ये रग्बी युनियन हा सर्वसामान्य जनतेचा खेळ होता, आणि आपल्या शहराकडून व देशाकडून खेळावे हे तरुण बॉस्टन यांचे स्वप्न होते. परंतु एकाही कृष्णवर्णीयाला वेल्सच्या राष्ट्रीय संघात तोवर स्थान मिळाले नव्हते. ते १९८० नंतरच्या दशकात मिळाले.

१९५३ मध्ये विगन या लँकेशायरमधील कोळशाच्या गावचे क्लब-संचालक बॉस्टन यांच्या घरी आले. असे सांगितले जाते की, त्यांना परतवून लावण्यासाठी आईने तीन हजार पौंडांची मागणी केली आणि संचालकांनी ती मान्य केली. सामान्य कामगाराच्या कित्येक वर्षांच्या मजुरीएवढी ही रक्कम होती. पण तिच्या मोबदल्यात वेल्सच्या संघाचा मार्ग कायमचा बंद झाला. गरिबाला मिळणाऱ्या निवडीच्या स्वातंत्र्याचे स्वरूप बहुधा असेच असते.

विगनने त्यांना डोक्यावर घेतले. पहिल्या संघातून जेमतेम सहा सामने खेळल्यावर १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली. त्या दौऱ्यावर जाणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो. बॉस्टन यांनी विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ आणि संपूर्ण कारकिर्दीत ५७१ ट्राय केले. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या या धिप्पाड खेळाडूला अडविणे दोघातिघांनाही जड जाई. १९६० साली विगनने ज्या अंतिम सामन्यात वेकफील्डचा पराभव केला, त्याला ८३,१९० प्रेक्षक उपस्थित होते. खेळ सोडल्यावर बॉस्टन विगनमध्येच राहिले आणि त्यांनी तेथे मद्यगृह चालविले.

परंतु वेतनाची मान्यता म्हणजे मुक्ती नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. त्या काळी खेळाडूला मोबदला सामन्यागणिक मिळे. जिंकल्यास अधिक, हरल्यास कमी. बहुतेक खेळाडू आठवडाभर खाणीत वा कारखान्यात राबून शनिवारी मैदानात उतरत. खेळाडूची नोंदणी क्लबाच्या ताब्यात असे. क्लबाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे, आणि गेल्यास त्याची किंमत क्लब वसूल करी. श्रमाचे मोल मान्य झाले, तरी श्रमिकावरील मालकी संपली नव्हती.

वर्णाचा प्रश्नही मजुरीने सुटला नाही. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील विश्वचषक स्पर्धेनंतर ब्रिटनचा संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. तेथे वर्णभेदी राजवट होती, म्हणून बॉस्टन यांना वगळण्यात आले. सामने रद्द करावेत असे संघटनेला वाटले नाही. ज्याच्या धावण्यावर तिकिटे विकली जात होती, त्याच्या बाजूने उभे राहण्याची वेळ येताच व्यवहार वरचढ ठरला.

तरीही फरक होता आणि तो मोलाचा होता. कार्डिफमध्येच जन्मलेले क्लाइव्ह सलिव्हन हे कृष्णवर्णीय खेळाडू १९७२ साली ब्रिटनच्या रग्बी लीग संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली विश्वचषक जिंकला गेला. ब्रिटनमधील कोणत्याही खेळाच्या राष्ट्रीय संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार होत. इंग्लंडच्या मुख्य फुटबॉल संघात व्हिव्ह अँडरसन या कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान मिळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. कर्तबगारीचा हिशेब उघडपणे मांडणाऱ्या खेळात जन्माच्या आधारावर माणसाला डावलणे थोडे अधिक अवघड होते, एवढा निष्कर्ष यातून निश्चित निघतो.

आणि ज्या तत्त्वासाठी शंभर वर्षे बहिष्कार चालला, त्याचे काय झाले? ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियननेही व्यावसायिकता स्वीकारली. बाजारपेठ आणि दूरचित्रवाणी यांचा पैसा दिसू लागताच हौशीपणाचे पावित्र्य आड आले नाही. त्याच वर्षी रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने सुमारे ८ कोटी ७० लाख पौंडांच्या कराराने रग्बी लीगच्या वरिष्ठ स्पर्धेचे प्रक्षेपण हाती घेतले. शेजारशेजारच्या गावांचे जुने क्लब एकत्र करून टाकण्याची योजनाही तिच्यासोबत आली. खाण कामगारांच्या त्या गावांतील लोकांनी रस्त्यावर येऊन आणि सभा घेऊन विलीनीकरणास विरोध केला आणि ते बव्हंशी हाणून पाडले. कामगारांनी उभारलेली संस्था त्यांच्या हातून कशी निसटते, आणि संघटित झाल्यास ती कशी राखता येते, या दोन्ही गोष्टी तेथे दिसल्या.

बॉस्टन, सलिव्हन आणि वेल्सहूनच उत्तरेकडे गेलेले गस रिसमन यांचा संयुक्त पुतळा २०२३ मध्ये कार्डिफच्या बंदर परिसरात उभारला गेला. ज्या शहराला हे खेळाडू राखता आले नाहीत, त्याने उशिरा का होईना, ऋण मान्य केले. कार्यकर्त्यांनी मात्र पुतळ्यापाशी थांबू नये. जेथे जेथे निष्ठा, सेवा वा हौस यांचे नाव घेऊन कोणाला श्रमाचा दाम नाकारला जातो, तेथे तेथे १८९३ सालचे ते मतदान पुन्हा होत असते. अशा वेळी त्यागाचा उपदेश करणाऱ्याच्या उत्पन्नाचे साधन काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. आणि मजुरी पदरात पडल्यावर कोणाला गाडीतून खाली उतरविले गेले, हा त्यानंतर.